गाठीत पांढऱ्या पेशींची एवढी गर्दी, तरी गाठ वाढली कशी?

पत्र : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावी विज्ञानाला आहे. डिसेंबरमध्ये त्याच्या मानेत गाठ दिसली. सुईची तपासणी केली तेव्हा 'दाहाच्या पेशी दिसतात, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' असा अहवाल आला आणि क्षयाची औषधे सुरू झाली. चार महिन्यांनी गाठ उलट वाढली, रात्री उशी भिजेल इतका घाम येऊ लागला आणि अठ्ठावन्न किलोंवरून वजन पन्नासवर आले. मग पूर्ण गाठ काढून तपासल्यावर 'क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, नोड्युलर स्क्लेरोसिस', म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा एक प्रकार, असे निदान झाले. आजार मानेत आणि छातीत आहे. डॉक्टर दुसरी स्टेज म्हणतात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून अहवाल स्वतः वाचला. त्यात मोठ्या पेशी 'विरळ' असून भोवती लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी आणि मॅक्रोफेज 'भरपूर' असल्याचे लिहिले आहे. या तर साऱ्या रोगाशी लढणाऱ्या पेशी! मग त्या काय करत होत्या? नणंदबाई प्रतिकारशक्तीसाठी रोज गुळवेलीचा काढा पाठवतात, तो द्यावा का? मॅक्रोफेज जास्त असले की आजार वाईट, असे नेटवर वाचले. इम्युनोथेरपीसाठी घर गहाण टाकायची आमची तयारी आहे. अहवालात 'एलएमपी-१ पॉझिटिव्ह' म्हणजे विषाणूही आहे. धाकटी मुलगी त्याच्याच ताटात जेवते. मुलगा विचारतो, "माझीच फौज माझ्यावर उलटली का?" पहिली केमो येत्या आठवड्यात आहे.
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण अहवाल स्वतः वाचलात आणि त्यातल्या नेमक्या 'विरळ' आणि 'भरपूर' या दोन शब्दांवर बोट ठेवलेत, हे पाहून बरे वाटले. माझे काम सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याचे असल्याने आपल्या प्रश्नांतला हा पहिला प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, आणि बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

अशा गाठीची स्लाईड काचेखाली धरली की आधी दिसते ती गर्दी. निळसर गोल लिम्फोसाइटांचे थवेच्या थवे, त्यांत शेंदरी दाणे भरलेले इओसिनोफिल, मध्येच प्लाझ्मा पेशी, फिकट आणि ऐसपैस मॅक्रोफेज, आणि नोड्युलर स्क्लेरोसिस हा प्रकार असेल तर या सगळ्याला वाफ्यांत विभागणारे गुलाबी तंतूंचे जाड बांध. खरी कर्करोगाची पेशी शोधावी लागते. कधी एका दृष्टिक्षेत्रात एकही सापडत नाही; स्लाईड सरकवत गेल्यावर अचानक एखादी मोठी पेशी समोर येते, दोन केंद्रकांची, प्रत्येकात एक ठसठशीत लाल ठिपका, घुबड टक लावून बघत असावे तशी. हीच रीड-स्टर्नबर्ग पेशी. संपूर्ण गाठीत अशा पेशींचे प्रमाण बहुधा शंभरात एक किंवा त्याच्या आसपास असते. मांडवात दोनशे पाहुणे आणि यजमान एकच, असा हा प्रकार. इतर बहुतेक कर्करोगांच्या गाठी मुख्यतः कर्करोगाच्याच पेशींनी बनलेल्या असतात. हॉजकिन लिम्फोमाची गाठ मात्र मुख्यतः निरोगी पेशींची असते.

या गर्दीने वैद्यकशास्त्राला फार काळ चकवले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या आजाराचे वर्णन केले, तरी हा कर्करोग आहे की कसला जंतुसंसर्ग यावर पुढे कित्येक दशके वाद होता. व्हिएन्नाचे कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ साली या मोठ्या पेशींचे वर्णन करतानाही हा क्षयाचाच एक वेगळा अवतार असावा असे मानले. १९०२ साली बाल्टिमोरमध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी हा क्षय नव्हे असे ठामपणे मांडले आणि या रुग्णांमध्ये क्षयाची ट्युबरक्युलिन चाचणी फसते, हेही नोंदवले. ही मोठी पेशी मुळात कोण, याचा उलगडा तर १९९४ साली झाला, जेव्हा जर्मन संशोधकांनी गर्दीतून एकेक पेशी वेचून तिची जनुके तपासली. ती निघाली बी-पेशी, म्हणजे एरवी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या वंशातली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावे, तशातला हा भाग आहे.

आता आपल्या मुलाच्या बाबतीत गेलेल्या चार महिन्यांविषयी. सुई आत जाते तेव्हा ती थोड्याच पेशी ओढून आणते आणि शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी जर साध्या दाहाच्या असतील, तर सुईत त्याच येणार, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. हॉजकिनमध्ये कधीकधी क्षयासारख्या कणिकागाठी, म्हणजे दाहाच्या पेशींचे छोटे पुंजके, हेही दिसतात. त्यातून आपल्याकडे तरुण मुलाच्या मानेतली गाठ क्षयाची निघण्याची शक्यता खरोखरच मोठी असते, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची शंका वावगी होती असे मी म्हणणार नाही. मात्र जंतूचा पुरावा हाती नसताना औषधे सुरू केली आणि सहा-आठ आठवड्यांत गाठ बसली नाही, तर अख्खी गाठ काढून तपासायला हवी होती. तिथे उशीर झाला. त्याचा राग मनात धरून आता हाती काही लागणार नाही. हॉजकिनमध्ये एवढ्या उशिराने बरे होण्याची संधी सहसा निसटत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून करा : क्षयाची कोणती औषधे, किती दिवस घेतली आणि कोणत्या तारखेला बंद केली, हे कर्करोगतज्ज्ञांना लिहून द्या, कारण रिफाम्पिसिनमुळे केमोतल्या काही औषधांचा शरीरातला निचरा वेगाने होतो.

मग या संरक्षक पेशी काय करत होत्या? त्या आपणहून चाल करून आलेल्या नाहीत, त्यांना बोलावून घेतले गेले आहे. रीड-स्टर्नबर्ग पेशी अखंडपणे रासायनिक सांगावे धाडत असते. त्यांतला टार्क नावाचा रेणू असा आहे की त्याच्या हाकेला टी-पेशींचे (हा लिम्फोसाइटांचाच एक वर्ग) दोनच गट प्रामुख्याने धावतात. एक, ॲलर्जीच्या प्रकारचा दाह चालवणारा, ज्याच्या मागून इओसिनोफिल येतात. आणि दुसरा, नियामक टी-पेशींचा, ज्यांचे नेहमीचे कामच मुळी इतर लढाऊ पेशींना आवर घालणे हे आहे. पेशी मारण्यात तरबेज असलेल्या टी-पेशींना या बोलावण्यात फारसे स्थान नसते. स्लाईडवर कधीकधी एका मोठ्या पेशीभोवती लिम्फोसाइट फुलाच्या पाकळ्यांसारखे चिकटून बसलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते वेढा पडला. प्रत्यक्षात त्या टी-पेशींकडून मधल्या पेशीला जगत राहण्याचे संकेत मिळत असतात आणि इओसिनोफिलही तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी३० या खुणेला हात लावून तेच करतात. म्हणजे ही गर्दी तिची रसद आहे. शरीरात सर्वसाधारण बी-पेशीला जी कामे करता येतात त्यांतली बहुतेक ही पेशी गमावून बसलेली असते, त्यामुळे ती शेजाऱ्यांवर कमालीची अवलंबून असते. प्रयोगशाळेत तिला एकटी वाढवणे किती अवघड जाते, हे त्या क्षेत्रातले लोक चांगलेच जाणतात.

त्यावर आणखी दोन युक्त्या आहेत. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाची कळ असते, जी दाबली की ती पेशी थंडावते. शरीराला हा लगाम गरजेचा असतो, नाहीतर प्रत्येक सर्दीनंतर आपली फौज आपल्याच अवयवांवर घसरेल. रीड-स्टर्नबर्ग पेशीत नवव्या गुणसूत्राचा जो तुकडा ही कळ दाबणाऱ्या पीडी-एल१ आणि पीडी-एल२ या रेणूंची जनुके बाळगतो, त्याच्या जादा प्रती जवळजवळ प्रत्येक रुग्णात आढळतात. बोस्टनच्या संशोधकांच्या २०१६ सालच्या पाहणीत हे प्रमाण ९७ टक्के होते. म्हणजे कळ दाबायला बोटे भरपूर. दुसरी युक्ती लपण्याची. आत काय शिजते आहे हे दाखवण्यासाठी प्रत्येक पेशी पृष्ठभागावर नमुने मांडत असते, आणि ती मांडणी ज्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनावर उभी असते तेच ही पेशी अनेकदा गमावते. ओळखपत्र दाखवायचेच नाही, म्हणजे पकडले जाण्याचा प्रश्नच मिटला.

एवढे समजले की 'प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्याचे काय करायचे ते आपोआप ठरते. करोनाच्या काळापासून हा शब्द आपल्याकडे हळदीच्या दुधाइतका घरोघरी पोहोचला आहे, पण आपल्या मुलाच्या गाठीत पेशींचा तुटवडा मुळी नाहीच. त्यांची संख्या किंवा जोश वाढवून त्या कुणाचा हुकूम ऐकतात ते बदलत नाही. काढा देऊ नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे, आणि त्याचे कारण निव्वळ निरुपयोगीपणा नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात स्वतःच्या प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला चढवल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे. तो वाद कसाही सुटो, केमोची अनेक औषधे यकृतातूनच निचरतात आणि यकृताचे आकडे बिघडले तर डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते किंवा दिवस पुढे ढकलावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात असा खंड कशाला ओढवून घ्यायचा? नणंदबाईंना दुखवू नका. त्यांच्या हातचे गरम वरण-भात, नीट शिजवलेली भाजी, उकडलेले अंडे चालत असेल तर ते, याची त्याला खरोखरच गरज पडणार आहे.

मॅक्रोफेजविषयी आपण जे वाचलेत त्याचा उगम बहुधा व्हँकुव्हरच्या संशोधकांच्या २०१० सालच्या अभ्यासात आहे. त्यात गाठीत मॅक्रोफेज जास्त असलेल्या प्रौढ रुग्णांना आजार उलटण्याचा धोका अधिक आढळला होता. लहान मुले आणि किशोर यांच्यात मात्र हा हिशेब तसाच्या तसा जुळलेला नाही. वयाप्रमाणे गाठीतली वस्तीच बदलते. दहा वर्षांखालच्या मुलांत विषाणूशी निगडित, मिश्र पेशींचा प्रकार अधिक दिसतो आणि त्यांच्या गाठीत मारक टी-पेशीही जास्त सापडतात. किशोरवयात तंतूंचे बांध असलेला, आपल्या मुलाला झालेला प्रकार पुढे येतो, आणि तिथली गर्दी वेगळ्या मिश्रणाची असते. प्रौढांवरून काढलेली मोजपट्टी सोळाव्या वर्षाला लावता येत नाही आणि त्याच्यावरचा उपचार मॅक्रोफेज मोजून ठरवला जात नाही. स्टेज, गाठीचा आकार, घाम आणि वजन यांसारखी लक्षणे, आणि केमोला मिळणारा प्रतिसाद यांवर तो ठरतो. नेटवरचा तो लेख मिटवून ठेवा.

एलएमपी-१ ही एप्स्टाइन-बार विषाणूची खूण आहे. हा विषाणू लाळेतून पसरतो आणि आपल्याकडे बहुतेकांना तो शाळेत जाण्यापूर्वीच, साध्या तापाच्या रूपात किंवा काहीही न जाणवता होऊन गेलेला असतो. आपल्यात आणि माझ्यातही तो आयुष्यभरासाठी निवांत पडून असण्याचीच शक्यता अधिक. भारतातल्या मुलांच्या हॉजकिन गाठींत ही खूण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच जास्त सापडते. पण लक्षावधी मुलांना विषाणू होतो आणि लिम्फोमा क्वचित एखाद्याला, म्हणजे विषाणू हा अनेक कारणांतला एक धागा आहे. लिम्फोमा संसर्गाने पसरत नाही. धाकटीला भावाच्या ताटातून दूर बसवू नका. तिला सर्दी-खोकला झाला, तर मात्र त्याच्यासाठी तिला चार दिवस लांब ठेवा.

आता घराच्या कागदपत्रांविषयी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ती कपाटातच राहू द्या. पीडी-१ ची कळ झाकणाऱ्या निव्होल्युमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा हॉजकिनमधला परिणाम विलक्षण आहे, यात शंका नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात, इतर उपचार थकलेल्या २३ रुग्णांपैकी ८७ टक्क्यांमध्ये गाठी घटल्या. गंमत म्हणजे २०२० साली जर्मन गटाने औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच पुन्हा गाठीचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा मारक पेशींची झुंबड उडालेली दिसली नाही. दिसले ते एवढेच, की मोठ्या पेशी नाहीशा होत होत्या आणि नियामक पेशींची गर्दी पांगत होती. रसद तुटली म्हणून शत्रू कोसळला, असा त्याचा अर्थ लावला जातो. अमेरिका आणि कॅनडात बारा वर्षांवरील सुमारे एक हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, केमोसोबत निव्होल्युमॅब घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्ण दोन वर्षांनी आजार न बळावता होते. ब्रेंटुक्सिमॅब या दुसऱ्या महाग औषधाच्या गटात तो आकडा ८३ टक्के होता. परंतु ही चाचणी तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजसाठी होती. आपल्या मुलाची स्टेज दुसरी आहे, आणि या वयातल्या हॉजकिनमध्ये नेहमीच्या औषधांनी, जी जुनी, परिचित आणि तुलनेने स्वस्त आहेत, चांगल्या केंद्रात शंभरातली नव्वदहून अधिक मुले बरी होतात. ती औषधे मोठ्या पेशींना मारतात आणि त्यांच्या भोवतालची गर्दीही पातळ करतात. इम्युनोथेरपी हा पत्ता हातात राहू द्यावा; आजार हटला नाही किंवा परतला, तर त्याचा विचार करावा. मनात शंका असेल तर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्लाईड आणि गाठीच्या तुकड्यांचे मेणातले ब्लॉक दाखवून दुसरे मत घ्या, पण त्यासाठी पहिली केमो आठवडेच्या आठवडे अडवू नका. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते आधी विचारा.

दोन केमोनंतर बहुधा पेट स्कॅन होईल, म्हणजे टोचलेली खुणेची साखर शरीरात कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारी तपासणी. स्कॅनमध्ये जे चमकते त्यात कर्करोगाच्या पेशींइतकाच किंवा जास्तच वाटा या गर्दीचा असतो, कारण दाहाच्या पेशीही साखर भराभर ओढतात. म्हणून केमोने रसद तुटली की चमक झपाट्याने मावळते, आणि हे दिसणे फार महत्त्वाचे असते. प्रतिसाद उत्तम असेल तर छातीचे रेडिएशन टाळता येईल का, याचा निर्णय त्यावर होतो. पुढे दोन गोष्टींनी घाबरून जाऊ नका. उपचारानंतरही छातीत काहीतरी शिल्लक दिसू शकते. तंतूंचे ते बांध व्रणासारखे मागे उरतात. आणि या वयात छातीतली थायमस ग्रंथी केमोनंतर पुन्हा फुगून स्कॅनमध्ये चमकते. अहवालातली प्रत्येक चमक म्हणजे आजाराचे पुनरागमन नव्हे. ती काय आहे हे तज्ज्ञांना ठरवू द्या.

पहिल्या केमोआधीची एक गोष्ट तातडीची आहे आणि आपल्याकडे ती संकोचापायी राहून जाते. काही औषधांमुळे पुढे वडील होण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून वीर्य गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. मुलाशी हा विषय त्याच्या वडिलांनी किंवा मामाने, किंवा रुग्णालयातल्या एखाद्या तरुण डॉक्टरने एकांतात काढलेला बरा. एक-दोन भेटींचे काम असते आणि पहिली मात्रा दिल्यावर ती वेळ गेलेली असते.

या आजारात गाठीबाहेरच्या, सगळ्या शरीरातल्या टी-पेशीही दुबळ्या पडतात. डोरोथी रीडबाईंच्या रुग्णांत टी-पेशींच्या जोरावर चालणारी ट्युबरक्युलिन चाचणी फसत होती ती त्यामुळेच. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कधी रक्त चढवायची वेळ आली तर ते 'इरॅडिएटेड', म्हणजे किरणे दिलेले, असायला हवे. नाहीतर दात्याच्या टी-पेशी त्याच्या शरीरात बस्तान बसवून त्याच्यावरच हल्ला करू शकतात. हे फार क्वचित घडते, पण घडले तर जीवघेणे असते आणि हा नियम उपचार संपल्यावरही पाळतात. एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या पाकिटात कायमची ठेवा. केमो सुरू असताना ताप १०० अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. लशींचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका. जिवंत जंतूंच्या लशी या काळात वर्ज्य आहेत.

राहिला त्याचा प्रश्न. फौज त्याच्यावर उलटलेली नाही, असे त्याला सांगा. फौजेतलाच एक शिपाई बिघडला, त्याने खोटे सांगावे धाडून बाकीच्यांना आपल्याभोवती उभे केले आणि त्यांचे हात बांधून ठेवले. त्याने काही खाल्ले, रात्री जागरण केले किंवा मोबाईल उशाशी ठेवला म्हणून हे घडलेले नाही. या वयातली मुले असे काहीतरी मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत, म्हणून हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारून सांगा. आणि तो विज्ञानाचा विद्यार्थी आहे, तर पॅथॉलॉजी विभागात जाऊन आपली स्लाईड बघू द्याल का, असे त्याला स्वतःलाच विचारू द्या. आमच्यापैकी बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. दुपारी तीननंतर जावे, तेव्हा टेबलावरची घाई थोडी ओसरलेली असते. आधी लहान भिंगाखाली गर्दी पाहायची, मग मोठ्या भिंगाखाली ती दोन डोळ्यांची पेशी शोधायची. पहिल्या खेपेला सापडली नाही तर चिडू नको म्हणावे, आम्हालाही वेळ लागतो.